कोरी दिसणारी ताडपत्रं

सिरोंचा, १९५७चा हिवाळा. हजर: मी, आमचा चपराशी दौलत, मासेमारी करणारा मल्लय्या आणि त्याची बायको पोशक्का. ज्या पोथीसाठी आलो, ती मात्र गैरहजर.

"परवाच गोदावरीत सोडली," मल्लय्या म्हणाला.

मी राष्ट्रीय ग्रंथालयासाठी हस्तलिखितं गोळा करायचो. छापील पुस्तकं प्रकाशक पाठवतात. हातानं लिहिलेलं कुणीतरी जाऊन आणावं लागतं. मल्लय्याचा आजा वैद्य होता. लहान मुलांची औषधं त्यानं तेलुगूत ताडपत्रांवर लिहून ठेवली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"का सोडली, भाऊ?"

"अक्षरं मेली न साहेब. पानं पार कोरी झाली. मेलेलं घरात ठेवत नाई आमी. हळदकुंकू वाहून, दगड बांधून सोडली."

दौलत हसला. "कोऱ्या पानांसाठी चांद्याहून आलो म्हना. आपल्या हापिसात कमी हायेत का, साहेब?"

मला हसू आलं नाही. ताडपत्रावर अक्षर लोखंडी टोकानं कोरतात आणि वर काजळी चोळतात. काजळी उडते, पण कोरलेलं राहतं.

"एकही पान उरलं नाही?"

पोशक्कानं नातवाच्या पाळण्याकडे बोट केलं. दृष्ट लागू नये म्हणून एक पान दोरीला बांधलं होतं. ते मी सोडवून घेतलं. कंदिलाच्या काचेची काजळी जवसाच्या तेलात कालवली, पानावर चोळली आणि फडक्यानं पुसली. ओळी वर आल्या.

मल्लय्या बोट ठेवून वाचू लागला. मग आम्हाला मराठीत म्हणाला, "अंगावर पित्या लेकराले ताप चढला त..."

"त काय?" पोशक्कानं विचारलं.

"पुढच्या पानावर हाय."

"तुले म्हटलं होतं, राहू दे घरात. पन घाई कोनाले? तुलेच!"

मल्लय्या उठला. खांद्यावर जाळं टाकून नदीकडे गेला. अंधार पडेपर्यंत डोंग्यातून जाळं फेकत राहिला. मासे यायचे, ते परत पाण्यात टाकायचा. पोथी आली नाही.

तो परतल्यावर मी पोथीसाठी आणलेली रिकामी पेटी पुढे केली तेव्हा त्यानं पान छातीशी धरलं.

"हे नोका नेऊ साहेब. हे गेलं त मंग आज्याचं काईच नाई."

मी फक्त नक्कल करून घेतली. पान पुन्हा पाळण्याला बांधलं गेलं.

जुनं ताडपत्र कोरं दिसलं, तर आधी काजळी लावून पाहावी. एवढंच सांगायचं आहे, पण ते घरोघरी जाऊन सांगावं लागेल. नदीकाठच्या गावांची यादी मी केली आहे. मल्लय्याच्या गावापुढची सगळी गावं अजून राहिली आहेत.