आबांची अक्का

उंचीवरून मला पडलेली नावं आठवायचाही आता कंटाळा येतो. बुटकी, ठेंगणी, गिड्डी. शाळेत शिकवायला लागले तेव्हा मागच्या बाकावरून टिंगू मॅडम. हे शब्द मी फारसे मनाला लावून घेतले नाहीत. डोकं उठतं ते गोड बोलणाऱ्यांमुळे. ‘चणीने लहान आहात, वय कळतच नाही हो तुमचं.’ पन्नाशी उलटलेल्या बाईने यावर काय म्हणावं?

खरा छळ मात्र एका साध्या अहिराणी शब्दाने केला. धाकली. आमच्याकडे आकाराने लहान ती धाकली आणि वयाने लहान तीही धाकलीच. माझी पाठची बहीण शाळेत असतानाच उंचीत माझ्या पुढे गेली, आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बघून विचारायचा, “हाई धाकली का?”

आबा, म्हणजे आमचे वडील, दरवेळी हातातलं काम सोडून सांगायचे, “नही, हाई अक्का शे. मोठी शे.” लोकांच्या कानावर पडावं म्हणून पोटच्या पोरीला ते अक्काच म्हणायचे. माझं थोरलेपण तेवढ्या एका हाकेवर टिकून होतं. बहीण तर मला अजून नावानेच हाक मारते.

आता आबा तिच्याकडे, जळगावला मेहरूणमध्ये असतात. विसरत चाललेत. सुट्टीच्या दिवशी मी धुळ्याहून एसटीने जाते आणि वाटभर एकच घोर असतो, आज अक्का म्हणतील ना?

परवा गेले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. मी समोरच्या पलंगावर टेकले, पाय नेहमीसारखे लोंबकळत. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अक्का, ह्या धाकली पोरले च्या दे.”

बहीण दारात थबकली. “आबा, अक्का हाई शे,” ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला अक्का म्हटलं.

आबा तिच्याकडे बघून हसले. “बशीमा दे. तोंड भाजाई जाई तिनं.”

ती पुन्हा सांगायला निघाली, तर मी तिला खुणेने थांबवलं. फार वाईट वाटलं होतं, पण भांडायचं त्राण नव्हतं, आणि भांडणार तरी कुणाशी? तिने चहा बशीत ओतून आणला. आबांनी बशी तिच्या हातातून घेतली, फुंकून फुंकून निववली आणि माझ्या तोंडापुढे धरली. मी निमूट प्यायले.