अंबूमावशींचे शेवटचे पान

अंबूमावशी कादंबरी हातात घेत तेव्हा सगळ्यांत आधी तिचे शेवटचे पान वाचत. मनातल्या मनात, ओठ घट्ट मिटून. मग पहिल्या पानाकडे येत आणि मोठ्याने सुरुवात करत. मुलांनो, तुम्हाला आता दुकानात हवे ते पुस्तक हाताने उचलता येते. मी शाळेत होते तेव्हा सोलापुरात आमच्या बोळातल्या बायकांना कादंबरी मिळे ती अंबूमावशींच्या तोंडून. वाचता येणारी बाई ती एकच. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते, ते वाचनालयातून पुस्तके आणून देत.

मिलचा दुपारचा भोंगा झाला की बायका त्यांच्या घरापुढच्या सोप्यावर जमत. कुणी शेंगा फोडत असे, कुणी ज्वारी निवडत असे. मावशी मध्येच थांबून मते देत, आणि अर्ध्या बायका ती मते ऐकायलाच येत. नायकाचे वर्णन आले की म्हणत, "उंच, गोरा, कुरळ्या केसांचा. पोटाला काय करतो ते सांगायला लेखक विसरला बघा." नायिका बागेत कारंज्यापाशी बसली की, "हितं घागरभर पाणी मिळेना, अन् हिला कारंजं." एकदा शेजारच्या कृष्णाबाई ऐकता ऐकता डोळे पुसू लागल्या. मावशी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "रड. तुझ्या नवऱ्यावर कुणी कादंबरी लिहिली तर तो पहिल्याच पानावर घोरेल की." सगळ्या हसल्या. कृष्णाबाईही हसल्या, त्यांना दुसरे काय करता येणार होते?

त्यांचे मुख्य मत एकच होते. "प्रेम करून नायिका जगली, तर ती कादंबरी नव्हे, लग्नपत्रिका." आणि खरोखरच त्यांनी वाचलेली प्रत्येक प्रेमात पडलेली मुलगी शेवटी मरत असे. कुणी क्षयाने, कुणी जळून. छापलेले कधी खोटे नसते अशी बोळाची श्रद्धा होती. त्यामुळे खऱ्या जगातही प्रेमाचे असेच होते, हे आमच्याकडे पंचांगाइतके पक्के ठरले होते.

गोदी सोप्यावर बसत नसे. ती मावशींच्या बहिणीची मुलगी, नांदायला जाण्याआधीच विधवा झालेली आणि मावशींकडेच राहून घरकाम करणारी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड काम करता करता ती ऐके. घरातली मांजर मात्र सोप्यावर मावशींच्या मांडीशी झोपे. माझ्या भावाच्या शाळेत चित्रकलेचे एक मास्तर होते, त्यांची बायको गेली होती. आमच्याकडे विरजण मागायला येणारी गोदी त्यांनी पाहिली आणि माझ्या वडिलांपाशी पुनर्विवाहाची गोष्ट काढली. वडील वकील, सुधारक मताचे. त्यांनी मावशींच्या यजमानांना विचारले. ते म्हणाले, पोरीने हो म्हटले तर माझी ना नाही. गोदीने नागपंचमीपर्यंत वेळ मागून घेतला.

 मावशींनी यजमानांकडून एक नवी कादंबरी मागवली. तिच्यात यमू नावाची तरुण विधवा होती आणि तिच्यावर जीव जडलेला एक शिक्षक. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि शेंगा फोडण्याचा आवाज कमी झाला. गोदी रोज थोडी पुढे सरकत होती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती पिठाच्या हातांनी उंबऱ्यावरच येऊन बसली. मला शाळेची सुट्टी होती, म्हणून मीही होते. मावशींचा आवाज त्या दिवशी फार गोड लागला होता. गावाने यमूच्या तोंडावर दारे लावली. मास्तर तिला न सांगता परगावी निघून गेला. यमूने पदर खोचला आणि विहिरीच्या काठावर पाय ठेवला. मावशींनी पुस्तक मिटले आणि उंबऱ्याकडे पाहिले.

"लेखक शहाणा आहे. असल्या पोरीचं दुसरं काय व्हायचं?"

दुसऱ्या दिवशी गोदीने माझ्या वडिलांना नकार सांगितला. मला भीती वाटते, इतकेच म्हणाली. मास्तर बदली घेऊन करमाळ्याला गेले, आणि तिथे त्यांचे लग्न झाल्याचे कळले.

पुढे मी पुण्याला कॉलेजात असताना ती कादंबरी माझ्या हाती आली. यमूचे मास्तरांशी लग्न होते. शेवटच्या पानावर ती नव्या चादरीवर शाई सांडल्याबद्दल त्यांना रागावत असते. सबंध पुस्तकात विहीरच नव्हती.

सुट्टीत मी गोदीला अक्षरे शिकवू लागले. ती भराभर शिकली. नीट वाचता येऊ लागल्यावर मी तिला तेच पुस्तक दिले. शेवटच्या पानावर ती ओळीखाली बोट धरून किती वेळ थांबली होती. मग तिने विचारले, "हे नवीन छापलंय का गं?"

तेच आहे, मी म्हणाले. तिने पुस्तक मला परत दिले आणि कणीक भिजवायला गेली.

काही वर्षांनी काचबिंदूने मावशींचे डोळे गेले. यजमान आधीच वारले होते. मी सासरहून भेटायला गेले, तेव्हा गोदी त्यांना कादंबरी वाचून दाखवत होती. ती फार चांगले वाचे. मावशींची जीभ तशीच होती. "हा लेखक जेवून लिहायला बसतो वाटतं," त्या म्हणाल्या, "मला झोप येते." पण गोष्ट रंगत गेली तशा त्या ताठ बसल्या. नायिका घर सोडून निघाली, आणि गोदीने पुस्तक मिटून त्यांच्या मांडीवर ठेवले.

"अगं, पुढं?"

"संपलं, मावशी."

"संपलं कसं? हाताला पान लागतंय की." त्या शेवटचे पान बोटांनी चाचपत होत्या. "गोदे, जगली का मेली, एवढं तरी सांग."

गोदीने ज्वारी निवडायला सूप पुढे ओढले. "शेवट तुम्हाला ठाऊकच असतो की, मावशी."

मावशींनी पुस्तक माझ्या दिशेने धरले. तू शिकलेली आहेस, तू वाच, म्हणाल्या.  गोदी ज्वारी निवडायची थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणाले, चष्मा घरी राहिला. तो माझ्या नाकावर होता.

मावशी त्यानंतर पुष्कळ जगल्या. गोदीने त्यांना कधी उपाशी ठेवले नाही, कधी उलटून बोलली नाही, आणि रोज दुपारी भोंगा झाला की न चुकता त्यांना कादंबरी वाचून दाखवली.