आतोबांची चौथी रेघ

बास्केटबॉलमध्ये ‘बाहेर’ म्हणजे काय, हे आमच्या आतोबांइतकं, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतकं, कळलेला माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. बाकीच्या खेळाशी त्यांना काही कर्तव्य नाही. चेंडू कड्यातून पडला की किती गुण मिळतात, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. “बांध कळला की शेत कळलं,” असं त्यांचं म्हणणं.

हे वेड लागलं लेकीपायी. सायली एकुलती एक. शहापूरला बास्केटबॉलचा सराव करून शेणव्याला घरी परतायला तिला दिवेलागण व्हायची आणि तोवर आतोबांचा जीव टांगणीला. शेवटी त्यांनी भात झोडायच्या खळ्यावरच सागाचा खांब रोवला, लोहाराकडून कडं करून आणलं आणि भोवती चुन्याच्या चार रेघा मारल्या. पोर डोळ्यांसमोर राहावी, दुसरं काही नाही. एक रेघ नेमकी आत्याच्या अबोलीवरून जात होती. आत्यानं कपाळावर हात मारला, तर हे म्हणाले, “रेघ हलनार नाय. अबोली हलव.” अबोली हलली.

मग शाळेच्या सरांना गाठून त्यांनी नियम समजून घेतले, आणि त्यातला ‘बाहेर’चा जो समजला तो असा काही समजला की सांगता सोय नाही! रेघेला अंगठा लागला तरी बाहेर. शेजारचा म्हातारा एकदा म्हणाला, “बांधावर दोघांचा पाय चालतो की रे.” आतोबा उसळलेच. “बांध दोघांचा असतो, रेघ कुनाचीच नसते. पाय पडला की तू गेलास!” रेघेबाहेरच्या कोंबडीला चेंडू लागला तर चेंडू बाहेर, पण कोंबडी आत चरत असेल तर ती मैदानातल्या पंचासारखी, चेंडू लागला तरी खेळ चालू. आणि चेंडू ज्याच्या हाताला शेवटचा लागून बाहेर गेला, दोष त्याचा. हा कायदा तर त्यांनी घरभर लावला. दूध उतू गेलं की ओसरीवरून विचारायचे, “शेवटचा हात कुनाचा?” आत्या आतून म्हणायची, “माझा. आनि चहाच्या कपाला शेवटचा हात कुनाचा असतो, ता पन सांगा!”

मुरबाडच्या सामन्याला मीही होतो. चेंडू रेघेपार चालला होता. सायलीनं रेघेच्या आतून अशी उडी घेतली की बाप रे! हवेतल्या हवेत चेंडू आत भिरकावला आणि स्वतः पडली ती थेट प्रेक्षकांच्या मांडीवर. पंचांनी शिट्टी मारली. बाहेर! आतोबा छत्री उगारून मैदानात. “पाय टेकला व्हता का तिचा? आतून उडालेलं मानूस टेकत नाय तवर आतच!” पंच शांतपणे म्हणाले, “काका, तुम्ही आधी बाहेर व्हा.” आतोबांनी खाली पाहिलं. दोन्ही चपला रेघेच्या आत. बिचारे इतके ओशाळले की उलट्या पावलांनी रेघेपार गेले, आणि उरलेलं भांडण तिथून केलं. सामना गेला तो गेलाच.

पण ती उडी कोल्हापूरच्या एका क्रीडा वसतिगृहाच्या बाईंनी पाहिली होती. त्यांनी सायलीला तिकडेच राहायला, शिकायला, खेळायला बोलावलं. घरात सुतकी कळा आली. आतोबा दोन दिवस खळ्यावर त्या खांबाखाली बसून राहिले. आत्या रडत म्हणाली, “आता कशाला बसून ऱ्हायलात? पोर कुनाच्या हातानं बाहेर गेली? शेवटचा हात तुमचाच!” आयुष्यात पहिल्यांदा आतोबांनी निकाल मुकाट मान्य केला. उठले आणि तिची ट्रंक स्वतः बांधायला बसले.

निघताना सायलीनं जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा उचलला, तर आतोबा वाकून तिच्या पावलाकडे बघत राहिले. पोरगी हसली. “बाबा, अजून टेकला नाय.” मला मात्र हसू आलं नाही. जीप गेली तरी हे वाकलेलेच.

परवा भात झोडून झाल्यावर मी शेणव्याला गेलो. खळं सारवलेलं होतं आणि आतोबा नव्यानं रेघा मारत होते. खेळणारं कुणी नाही, तरी मारत होते, आणि अगदी दोरी धरून. तीन रेघा झाल्या आणि त्यांनी हात धुतले. बादलीत चुना चांगला उरला होता.

“आतोबा,” मी म्हटलं, “सडकेच्या अंगाची रेघ राहिली की.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पोर त्या अंगाला गेलीय. तिकडं बाहेर नाय.”