कोपऱ्यातला टायपिस्ट

कोर्टात त्याला सगळे टकटक म्हणायचे. न्यायाधीशांच्या आसनाखाली डाव्या हाताला एक छोटं टेबल, त्यावर कीबोर्ड आणि त्यामागे हा. एकतीस वर्षं. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, न्यायाधीश तर किती आले आणि किती बदलून गेले. टकटक आपला तिथेच. साक्षीदारानं बोलायचं, न्यायाधीशांनी ते नीट वाक्यात बसवून सांगायचं आणि यानं टाइप करायचं. मधे तोंड घालायची सोय नाही.

असा माणूस घरी आला की त्याच्या नशिबी काय, तर कॉमेडी सिनेमे. बायकोला त्यांचं भारी वेड. त्यातही कोर्टाचा सीन लागला की ती गॅस बंद करून येऊन बसायची. वकील स्वतःच्याच काळ्या झग्यात पाय अडकून पडतोय, न्यायाधीश हातोडा आपटून दमलाय, साक्षीदार पिंजऱ्यात उभ्या उभ्या नाचतोय. बायको हसून हसून डोळे पुसायची आणि हा बघायचा पडद्याच्या कोपऱ्यात.

"अगं, त्या टायपिस्टला बघ. कोणी बोलत नाहीये तर हा बडवतोय, आणि आता सगळे ओरडतायत तर हाताची घडी घालून बसलाय."

"अहो, त्याच्याकडे बघतंय कोण?"

एका प्रकारच्या विनोदावर तर त्याचा फारच राग. हिरोला उलटसुलट विचारून बेजार करतात, मग तो वैतागून म्हणतो, हो, मीच खून केला, आणि दुपारी जरा वेळ होता म्हणून दोन दरोडेही घातले. सगळं कोर्ट हसतं आणि हिरो सुटतो.

"सुटतोय कसला," टकटक करवादायचा. "कागदावर टोमणा उमटत नाही. आमच्याकडे असं बोलला असता तर मी टाइप केलं असतं, मीच खून केला. बसला असता मग आत."

"मग तुम्ही थांबायचं जरा."

"टायपिस्टनं थांबायचं नसतं."

"मोठे आले," म्हणून बायको आवाज वाढवायची. हा वाद घरात इतक्या वेळा झाला होता की शेजारच्यांनाही तोंडपाठ होता.

आणि मग त्या मावशींची केस आली. एका शाळेत बावीस वर्षं झाडलोट करणाऱ्या, सगळ्या खोल्यांच्या चाव्या सांभाळणाऱ्या. प्रयोगशाळेतले चार मायक्रोस्कोप गेले, आळ मावशींवर आला आणि नोकरी गेली. ती परत मिळावी, आणि नावाला लागलेला डाग पुसला जावा, म्हणून त्या आल्या होत्या. त्या दिवशी शाळेचा वकील त्यांना तासभर तेच तेच विचारत होता. चाव्या तुमच्याकडेच ना? शेवटी कुलूप तुम्हीच लावलंत ना? म्हणजे तुम्हीच नेलेत ना?

मावशींनी कमरेवर हात ठेवला. "हो बाबा, मीच नेले. चारही पिशवीत घालून नेले, आणि घरी बसून त्यातून बघत सुईत दोरा ओवला."

कोर्ट खो खो हसलं. मावशींना वाटलं, आपण जिंकलो. त्यांची वकील, नवखी पोर, फायलीत मान घालून कसला तरी कागद शोधत होती. न्यायाधीश पुढच्या केसचे कागद चाळत होते. सवयीनं त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "लिहा. चारही मायक्रोस्कोप मीच नेले."

टकटकची बोटं कीबोर्डवर होती. ती हलली नाहीत.

कीबोर्डचा आवाज येईना तसं न्यायाधीशांनी वर पाहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत ती टकटक मधेच थांबली होती.

"काय झालं? कॉम्प्युटर बंद पडला?"

"नाही साहेब." "बाई टोमणा मारतायत. सिनेमात मारतात तसा."

शाळेचा वकील ताडकन उठला. टायपिस्टला साक्षीचा अर्थ लावायचा अधिकार काय, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. न्यायाधीशांनी त्याला हातानं खूण करून बसवलं, चष्मा काढला आणि मावशींना विचारलं, "बाई, हे तुम्ही खरं म्हणून सांगताय, की रागानं बोललात?"

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. "रागानं, साहेब. मी काडीला हात लावलेला नाही."

"लिहा. मी मायक्रोस्कोप नेले नाहीत."

टकटकनं लिहिलं. इतक्या जोरात की शिपायानं वळून बघितलं.

चार महिन्यांनी निकाल लागला. दुसऱ्या आठवड्यात मावशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी आल्या. हातात चाव्यांचा जुडगा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवून त्याला दाखवला.

"परत मिळाल्या, दादा. त्या दिवशी सगळे हसले. तुम्ही तेवढे हसला नाहीत." त्यांनी हात जोडले.

"मी सिनेमातसुद्धा हसत नाही," टकटक म्हणाला, आणि उगीचच कीबोर्ड पुसायला लागला. इतकी वर्षं ज्या सिनेमांना शिव्या घातल्या त्यांचे उपकार कसे फेडायचे, ते त्याला समजेना.

संध्याकाळी त्यानं स्वतः टीव्ही लावला, कोर्टाचा सीन असलेला सिनेमा शोधला आणि बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली आणि बघतच राहिली. मग त्यानं मावशींची सगळी हकिकत सांगितली, चाव्यांच्या जुडग्यापर्यंत.

तिनं सिनेमाचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, थांबायचं जरा."

"म्हटलं होतंस," टकटक म्हणाला, आणि तिला बसायला जागा करून दिली.