पराते मॅडमची बारा पानं

आमच्या अर्थशास्त्र विभागात पुस्तकं कमी आणि किस्से जास्त. दोन लेक्चरच्या मध्ये वीस मिनिटं रिकामी मिळाली की चहा येतो, चहाबरोबर बोरकर सर येतात आणि बोरकरांबरोबर एक किस्सा. पण एम.ए.चं शिकवणं सगळ्या कॉलेजांत एकसारखं करायचं ठरलं, त्या एका वर्षात जेवढे किस्से झाले तेवढे माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत झाले नव्हते. वाईट एवढंच, की बहुतेकांत मीच आहे!

*

त्याआधी जो तो आपल्या मनाने शिकवायचा. कन्हानच्या कॉलेजातून एक मुलगी अर्ध्या वर्षात आमच्याकडे आली. मी विचारलं, "राष्ट्रीय उत्पन्न झालं का तुमचं?"

"हो सर. दोनदा झालं."

"आणि व्यापारचक्र?"

"त्याचे सर रिटायर झाले."

*

मग कमिटी बसली. सगळ्या कॉलेजांत एकच अभ्यासक्रम, एकाच नोट्स, एकाच स्लाइड्स. त्या कोणी लिहायच्या? प्रत्येकाने 'मागणीचा सिद्धांत' हा एक धडा नाव न घालता लिहून पाठवायचा, ज्याचा आवडेल त्याला काम. मी चौऱ्याऐंशी पानं पाठवली. स्पायरल बाइंडिंग करून!

निवड झाली बारा पानांची. कोणाच्या? हुडकेश्वरच्या कॉलेजातल्या सुनंदा पराते मॅडमच्या. उमरेडच्या विणकर घरातली मुलगी, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली, सगळं कबूल. पण ती माझीच विद्यार्थिनी हो! दुसऱ्या बाकावर बसून मला प्रश्न विचारणारी!

मी फोन केला. "अभिनंदन, पराते मॅडम. फार आनंद झाला."

फोन ठेवला तर बायको कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, कोण गेलं?"

*

जुलैपासून तिच्या स्लाइड्स पडद्यावर, आणि मी बाजूला काठी घेऊन उभा.

माणसं वाढवत गेलो तरी काम त्या मानाने वाढत नाही, हे सांगायला मी आजवर इतवारीच्या गल्लीतली हातगाडी घ्यायचो. ढकलणारे वाढवत जायचो. चांगलं उदाहरण होतं. तिने वडिलांचा हातमाग घेतला होता. एक माणूस विणतो, दुसरा सुताच्या कांड्या भरून देतो, तिसरा आला की नुसती गर्दी. दोन ओळी आणि एक फोटो. संपलं!

मागच्या वर्षी नापास झालेला नितीन शेवटच्या बाकावरून ओरडला, "सर, समजलं!"

एकोणीस वर्षांत नितीनसारख्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. मला भरून आलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "मागच्या वर्षी बी हेच होतं का सर? की तवा दुसरं काही शिकवून राहिले होते?"

*

वेळापत्रकही एकच. ज्या आठवड्यात जी स्लाइड, ती सगळीकडे तीच, निदान कागदावर. बोरकरांनी हुडकेश्वरला आपला एक माणूस पेरून ठेवला होता.

"कितवी झाली गा तुझी?"

"चौदावी."

"तिची सतरावी चालू आहे!"

मी त्या दिवशी एका तासात पाच स्लाइड्स उरकल्या. संध्याकाळी बोरकरांचा फोन आला. "ऐकण्यात चूक झाली गा. तिची सातवी चालू आहे. पोरं प्रश्न विचारून राहिले म्हणे."

आमच्या वर्गात त्या दिवशी एकानेही प्रश्न विचारला नव्हता. मी वेळच दिला नव्हता.

*

तरी मी हार मानली नाही. फूटपट्टी आणि लाल पेन घेऊन बारा पानं तीन संध्याकाळ वाचली. आणि सापडली! पान नऊ, आकृतीतला बाण उलटा!

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताबडतोब टाकलं, "पान नऊ. मूलभूत चूक. असल्या नोट्स विद्यार्थ्यांच्या माथी मारायच्या का?"

सगळ्यांनी वाचलं. मग तिचा मेसेज आला.

"बरोबर आहे सर, लगेच दुरुस्त करते. ही आकृती तुम्ही आम्हाला एम.ए.ला फळ्यावर काढून दिली होती, तशीच घेतली. खाली तुमचं नाव दिलं आहे."

मी पान नऊ पुन्हा उघडलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात. संपूर्ण नाव, पदवीसकट.

बोरकरांनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

*

पहिल्या सत्राचा निकाल लागला. सगळीकडे एकच पेपर, आणि आमचा वर्ग पहिला! प्राचार्यांनी बोलावून पाठ थोपटली. "नोट्सच तशा आहेत ना पराते मॅडमच्या!" म्हणाले.

आठवड्याने तिचा फोन आला. "सर, माझ्या वर्गाचा निकाल तुमच्यापेक्षा बराच खाली आहे. एक दिवस तुमच्या तासाला येऊन बसू का?"

नाही कसं म्हणणार? आली. वही घेऊन शेवटच्या बाकावर नितीनशेजारी बसली. मी वर्गाला तिची ओळख करून दिली नाही. मुद्दामच. तासभर तिच्याच स्लाइड्स तिला शिकवल्या, आणि ती खाली मान घालून लिहीत होती.

तास संपला. मुलं उठली. नितीन तिच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, नवीन ॲडमिशन काय? नोट्स नसतील तर माझ्याकडून झेरॉक्स करून घ्या. पराते मॅडमच्या आहेत. आमचे सर दर हप्त्याले सांगतात, बाकीचं सोडा, हे बारा पानं दोनदा वाचा. असं मले जन्मात लिहिता आलं नसतं, म्हणतात!"

तिने वर माझ्याकडे पाहिलं.

मी डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागलो. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.