कोनफळाच्या वेलीचे उरलेले तीन दिवस

माझ्या फोनमध्ये चौसष्ट जीबी जागा आहे. मार्गशीर्षात त्यातली ६३.४ भरली आणि नवीन काही उघडेना. मी तीन बैठकांत ४१२ फोटो डिलीट केले. पुन्हा पाहिलं तर आकडा तोच, ६३.४. माझी मोजणी सहसा चुकत नाही, म्हणून मी परत मोजलं. फोटो गेलेले होते, जागा मात्र सुटलेली नव्हती.

"उडवलं म्हणताय, मग त्येचं वजन गेलं कुठं?" बायको म्हणाली.

फोन तसाच खिशात घालून हिंडत राहिलो.

पौष लागला तसा तिचा धाकटा भाऊ तिच्या माहेरहून, बाजारकुणंगहून आला. लग्नात माहेरहून ती कोनफळाचं बी घेऊन आली होती. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की कंदाचं एक तोंड, म्हणजे वेलीला लागून असलेला वरचा तुकडा, पदरात बांधून देतात. आतून जांभळा, उकडला की लोण्यासारखा. या जातीच्या वेली माहेरी दोन वर्षांपूर्वी रानडुकरांनी उकरून संपवल्या. आता ही जात आमच्याकडेच उरली होती, आणि आमच्याकडेही तिची एकच वेल.

"अक्का, औंदा एक तोंड दे मला. आई रोज इचारत्या," तो म्हणाला.

"एक का, अर्धं रान घेऊन जा," ती हसून म्हणाली. "ऐतवारी ये."

मी मान खाली घालून चहा पीत होतो. कोनफळाची वेल पौषापर्यंत वाळून गळून जाते आणि वर काही राहत नाही. म्हणून इथं प्रत्येक घर वेल हिरवी असतानाच बुडाशी खुणेचा एक खुंट मारून ठेवतं. आदल्या वर्षी आमचे खुंट कुणीतरी चुलीला नेले होते. म्हणून या वर्षी मी शहाणपणा केला. भाद्रपदात घरापासून रानाच्या कडेपर्यंत चालत जाऊन तिच्या वेलीसकट नऊ वेलींचे नऊ फोटो काढले आणि खुंट मारलेच नाहीत. पुढे जागा करताना, ज्यात माणूस नाही ते सगळे फोटो उडवले. नुसती पानं ठेवून काय करायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

भाऊ गेल्यावर मी तिला हे सांगितलं. ती खळ्यावर भात पाखडत होती. सूप थांबलं.

"माझीबी वेल?"

"व्हय."

"मानसांचं ठेवलं आणि तिचं उडवलं?"

"व्हय."

सूप परत हलायला लागलं, पण लय बिघडलेली. मला तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी मी खळ्याच्या दगडावर बसलो आणि गॅलरीचा कोपरान् कोपरा उघडून पाहिला. अगदी खाली एक कचरापेटी निघाली. तिच्यात माझे ४१२ फोटो जसेच्या तसे होते. डिलीट केलेला फोटो तीस दिवस तिथं पडून राहतो आणि तोवर जागा अडवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाखाली लहान अक्षरात उरलेले दिवस लिहिलेले. कुणाला एकवीस, कुणाला चौदा. वेली पहिल्या बैठकीत गेल्या होत्या. त्यांना उरले होते तीन.

"हिकडं ये," मी हाक मारली.

ती सूप घेऊनच आली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. भोवती वाळलेलं गवत, अंगणात भाताचा भुसा, उन्हात सुपा धरणाच्या बाजूनं येणारा कोरडा वारा, आणि माझ्या तळहातावर भाद्रपद. पानांवर थेंब. मागं धुकं. एका फोटोत माझ्या छत्रीची कड. बोट सरकवलं की एक हिरवं जाऊन दुसरं हिरवं येई. कितीतरी वेळ आम्ही का बघतोय हेच विसरून गेलो. वाटत होतं, मान वर केली तर पाऊस लागलेला असेल.

"ही माझी," ती एकदम म्हणाली. "देठ बघा. तांबूस हाय."

"खरं. पण ही जागा कुठली?"

फोटोत जागा नव्हतीच. मी इतक्या जवळून काढला होता की नुसती पानं आणि मागं किंदळाच्या झाडाच्या सालीचा एक पट्टा. बांधावर किंदळं पाच आहेत.

मग मी वेळा पाहिल्या. पहिला फोटो फाटकाजवळचा, दहा वाजून बारा मिनिटं. तिची वेल पाचवी, दहा एकोणीस. म्हणजे फाटकापासून सात मिनिटं.

"तवा पाऊस हुता," ती म्हणाली. "आनि मधल्या तीन वेलींपाशी तुम्ही वाकला असशीला. तसंच चला."

तसंच चाललो. तीन ठिकाणी मी थांबलो, वाकलो, नसलेल्या वेलीचा फोटो काढल्यासारखं केलं. ती मागं घड्याळ बघत होती. चिखल नव्हता तरी मी चिखलातून चालावं तसे पाय उचलत होतो. तिला हसू आलं. दुपारपासून पहिल्यांदा. सातवं मिनिट भरलं तेव्हा आम्ही तिसऱ्या किंदळापाशी होतो.

मी पहारीनं माती सैल केली. ती हातानं उकरत गेली. कोपरभर खाली कंद लागला. साळिंदरानं खालचा सगळा भाग खाल्ला होता. दातांचे चरे स्पष्ट होते. वरचा वीतभर शिल्लक होता, तोंडासकट.

"खायला काय न्हाई," मी म्हणालो.

"खायाचं कुनाला हाय?" तिनं तोंडावरची माती पदरानं पुसली.

संध्याकाळी नऊ वेलींचे फोटो परत गॅलरीत घेतले आणि बाकीचे ४०३ कायमचे काढले. आकडा ५८.१ वर आला. म्हणजे ५.३ जीबी सुटले.

रविवारी भाऊ आला. तिनं विळीवर तोंडाचे दोन भाग केले. काप सरळ मध्यावर नव्हता, हे मला दिसलं. मोठा भाग तिनं राखेत घोळवून सागाच्या पानात बांधला आणि भावाला दिला.

"दाजी, वजन किती भरंल वो?" त्यानं विचारलं.

"पावशेर," मी म्हणालो. "तुझ्याकडं थोडं जास्तच."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. कुंभारवाड्याची बस आली तेव्हा त्यानं पिशवी वरच्या फळीवर टाकली, आणि पुडकं मात्र दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला.