ह्यांची डबी

सुभद्राबाईंच्या घरात उघडं काही राहत नसे. टीव्ही, मिक्सर, रिमोट, सगळ्यांना जुन्या लुगड्यांची कव्हरं. लालबागच्या त्या चाळीत लोक म्हणत, बाई एक दिवस सिलिंडरलाही झबलं शिवणार. त्यामुळे मुलगा सुशांत एक हार्ड डिस्क घेऊन आला, तेव्हा तिला दुपदरी गोधडीचं कव्हर मिळणार हे ठरलेलंच होतं.

त्या डिस्कमध्ये त्यांच्या नवऱ्याचा, गुणाजींचा आवाज होता. गिरणीत होते तेव्हापासून मजल्यावरच्या गणपतीला गाऱ्हाणं तेच घालत. देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी मालवणीत मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. शेवटच्या वर्षी सुशांतने ते मोबाईलवर रेकॉर्ड करून डिस्कमध्ये भरलं. गुणाजी गेले, पुढे मोबाईलही बिघडला. उरली ती डिस्क. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून सुभद्राबाई तिला ‘ह्यांची डबी’ म्हणत.

रोज दिवेलागणीला सुभद्राबाई टीव्हीवर ते गाऱ्हाणं ऐकत. गुणाजी गेल्यापासून चतुर्थीला मजलाही गणपतीपुढे तेच लावी. डबी दिवसभर टीव्हीला लावलेलीच असे, कव्हरासकट. हात ठेवला की गरम लागे. त्यांना ते बरं वाटे, माणूस घरात असल्यासारखं. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी तिला, आणि तिथेच घात झाला.

चतुर्थीला दहा दिवस असताना डबी टकटक करू लागली आणि आवाज बंद पडला. त्या दिवशी सुभद्राबाई जेवल्या नाहीत. सुशांत त्यांना घेऊन गिरगावात माधवकडे गेला. माधव असल्या डिस्क दुरुस्त करायचा. त्याने आधी कव्हर काढून बाजूला ठेवलं.

“मावशी, हिच्या पोटात तबकडी फिरते, ती तापते. हिला ऊब नको, वारा पाहिजे. काम झालं की बंद करून काढून ठेवायची. चालू असताना हलवायची नाही. आणि कितीही जपलं तरी ही एक दिवस जाणारच. दुसरी कॉपी कुठाय?”

“उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो,” सुशांत म्हणाला. त्याला आईकडे बघवेना.

आठवड्याने माधवने नवी डिस्क हातात दिली. गाऱ्हाणं अर्धंच निघालं होतं.

चतुर्थीला तेवढंच लावलं. “बा देवा महाराजा,” गुणाजींचा आवाज घुमला, मजला जमला, हात जोडले गेले. चार मागणी झाली आणि आवाज मध्येच तुटला. गाऱ्हाणं पुरुषानेच घालायचं असा रिवाज, आणि अर्धं राहिलेलं कुणी उचलायचं हे कुणालाच सुचेना.

“लेकरांबाळांची रखवाली कर रे महाराजा.” मागून आवाज आला. सुभद्राबाईंचा. दोन वर्षं रोज ऐकलेलं, शब्द न् शब्द पाठ होतं.

सगळा मजला म्हणाला, “व्हय महाराजा.”

त्या शेवटापर्यंत गेल्या आणि एक मागणं पदरचं घातलं. “जो आमका सोडून गेलो, तेका तुझ्या पायाशी जागा दे रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” म्हणताना शेजारच्या बायका रडत होत्या. सुशांत नव्या मोबाईलवर आईचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करत होता. आरती संपताच, प्रसादाला हात न लावता, त्याने त्या रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्या केल्या.